पहिली सही कोणाची?

(गिरगावात आमच्या गटाचा दोन दिवसांचा अभ्यासवर्ग झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘कामगार कायद्यातले बदल आणि संघटनेचा हक्क’ या विषयावर केलेलं हे भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

काल रात्री जेवताना एकजण मला म्हणाली, “उद्याचा विषय जरा रुक्ष आहे ना? हिंसाचार, पोटगी, मुलांचा ताबा हे आपलं रोजचं काम. औद्योगिक संबंध संहिता वगैरे युनियनवाल्यांनी बघावं.” ती हे मोकळेपणानं बोलली म्हणून मला बरं वाटलं. काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही असंच म्हणत होते. माझं मत कशामुळे बदललं तिथूनच सुरुवात करते. त्यात माझी एक चूक आहे, आणि संस्थांमध्ये काम करणाऱ्या आपल्यासारख्या पुष्कळजणींच्या हातून ती होण्यासारखी आहे.

अर्ज आणि यादी

दक्षिण मुंबईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात साफसफाईचं आणि आयांचं काम करणाऱ्या बावीस बायका होत्या. त्यांतल्या दोघी आमच्या सल्ला केंद्रात नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आल्या. बोलता बोलता पगाराचं निघालं. दहा-दहा वर्षं त्याच वॉर्डात काम, पण कागदोपत्री त्या रुग्णालयाच्या कोणीच नव्हेत. दर दोन वर्षांनी ठेकेदार बदले, बायका त्याच राहत. पगाराची चिठ्ठी नाही. आठवड्याची सुटी घेतली की खाडा. बाळंतपणाला गेलेली बाई परत आली की नवी म्हणून कामाला लागणार.

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली. एका बाईचा प्रश्न कसा ऐकावा, तिचा अर्ज कसा लिहावा, हे मी शिकले होते. मी चांगल्या भाषेत अर्ज लिहिला. किमान वेतन द्या, पगाराची चिठ्ठी द्या, साप्ताहिक सुटी भरपगारी द्या. खाली बावीस जणींच्या सह्या आणि अंगठे घेतले आणि अर्ज व्यवस्थापनाकडे नेऊन दिला.

आठवड्याच्या आत वरची तीन नावं ज्यांची होती त्या तिघींना मुकादमानं सांगितलं, उद्यापासून येऊ नका. काढल्याचा कागद नाही, कारण घेतल्याचाही कागद नव्हता. उरलेल्या एकोणीस जणींनी ‘अर्जावरची सही आमची नाही’ असं लिहून दिलं. मी त्यांना दोष देत नाही. कोणाचं भाडं थकलेलं होतं, कोणाच्या मुलांची फी भरायची होती. जिची सही सगळ्यांत वर होती ती पन्नाशीची बाई मला एवढंच म्हणाली, “ताई, अक्षर तुमचं होतं, पण सही माझी होती.”

ते वाक्य घेऊन मी परळला एका जुन्या युनियन कार्यकर्त्यांकडे गेले. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, “यांची युनियन आहे का?” म्हटलं, नाही. ते म्हणाले, “मग याला अर्ज कशाला म्हणता? तुम्ही मालकाला नावांची यादी नेऊन दिलीत.”

सात सह्यांचा कायदा

युनियन कशासाठी असते हे मला त्या दिवशी नीट कळलं. मागणीपत्रकावर अध्यक्षाची, सरचिटणीसाची सही असते. मागणी सगळ्यांची असते, आणि ती कोणा एकीच्या नावाला चिकटत नाही. ही इतकी साधी वाटणारी सोय आपल्याकडे भांडूनच मिळाली.

मद्रासला १९१८ साली मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. बकिंगहॅम मिलच्या तंट्यात मालक कंपनीनं युनियनच्या पुढाऱ्यांवर, बी. पी. वाडियांवर, दावा लावला आणि हायकोर्टानं त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम दिला. कामगारांना एकत्र करून काम थांबवायला सांगणं म्हणजे नोकरीचा करार मोडायला चिथावणं, असा तो हिशेब होता. त्या प्रकरणानंतर १९२१ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला की कामगार संघटनांची नोंदणी करणारा आणि त्यांना संरक्षण देणारा कायदा झाला पाहिजे. हे तेच जोशी, ज्यांच्या नावाचा रस्ता लोअर परळला आहे. ज्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचं काम ते करत, तिची मुंबईची शाखा इथे गिरगावातलीच. पाच वर्षांनी, १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. सात कामगारांनी सह्या केल्या की नोंदणीचा अर्ज करता येऊ लागला. एकत्र येऊन मागण्या करणं हा गुन्हेगारी कट मानता येणार नाही, आणि काम थांबलं म्हणून पुढाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा लावता येणार नाही, असं संरक्षण मिळालं. २००१ च्या दुरुस्तीनं नोंदणीसाठी दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जो आकडा कमी तो, अशी अट वाढवली. पण कमीत कमी सात ही मर्यादा राहिली आणि आजही आहे.

म्हणजे माझ्या बावीस जणींची युनियन होऊ शकत होती. मला ते ठाऊक नव्हतं, कारण मी ‘केस’ बघत होते.

पण नोंदणी झाली म्हणजे मालक बोलायला बसतो असं नाही. मालकानं युनियनला मान्यता दिलीच पाहिजे, असं १९२६ च्या कायद्यात कुठेही नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते तेव्हा, १९४३ साली, त्यांनी सक्तीच्या मान्यतेचं विधेयक मांडलं. पुढे १९४७ साली तशी दुरुस्ती मंजूरही झाली. मात्र ती अमलात आणण्याची अधिसूचना कधी निघालीच नाही. मंजूर झालेला कायदा कपाटात राहिला, आणि मान्यता द्यायची की नाही हे देशातल्या बहुतेक ठिकाणी मालकाच्या मर्जीवर राहिलं.

बोलायचं कोणी?

मुंबईचं तसं नव्हतं. इथे मान्यतेचा कायदा होता, पण तो वेगळ्या तऱ्हेनं आपल्या अंगावर आला. हा इतिहास आपल्याला नीट माहीत हवा, कारण आज दिल्लीहून आलेल्या कायद्यात त्याच्याच खुणा दिसतात.

१९३८ साली मुंबई प्रांताच्या सरकारनं औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं. संपापूर्वी समेटाची लांबलचक वाट सक्तीची, आणि ती न चालता संप केला तर शिक्षा. आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याला कडाडून विरोध केला. काम करायचं नाही असं म्हटल्याबद्दल माणसाला तुरुंगात घालणं म्हणजे त्याला गुलाम करणं, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट या दोघांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. एरवी एकमेकांवर टीका करणारे लोक संपाच्या हक्कासाठी एका मैदानात आले.

विधेयकाचा कायदा झालाच, आणि त्याच्या जागी १९४६ साली मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. त्यात ‘प्रातिनिधिक युनियन’ची कल्पना होती. एका भागात एका उद्योगाची एकच प्रातिनिधिक युनियन, आणि कामगारांच्या वतीनं करार करण्याचा अधिकार तिचाच. कल्पना वाईट नव्हती. मालकानं दहा युनियनांना एकमेकींशी झुंजवू नये हा हेतू तिच्यात होता. पण ही युनियन कोणती हे कामगारांच्या मतदानानं ठरत नव्हतं, सभासदांच्या नोंदवह्या तपासून ठरत होतं. मुंबईच्या कापड गिरण्यांत ही जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली आणि तिथेच राहिली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणं या मागण्या सगळ्यांना आठवतात. हा १९४६ चा कायदा रद्द करा, हीही मागणी होती, ती फारशी कोणी सांगत नाही. ज्या युनियनच्या मागे कामगार उभे होते, तिच्याशी बोलायला कायद्यानं मालक बांधील नव्हते. ज्या युनियनशी बोलायला बांधील होते, तिच्यामागे कामगार नव्हते. संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. गिरणगावाचं पुढे काय झालं ते इथल्या प्रत्येकीला माहीत आहे.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. माझा जन्म संपानंतरचा. आजी खाणावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले सात-आठ कामगार तिच्याकडे महिन्याच्या हिशेबानं जेवायचे. संपात त्यांचं उधारीवर जेवण तिनं कित्येक महिने चालवलं, आणि शेवटी मंगळसूत्र गहाण पडलं. संप चालला तो अशा बायकांच्या चुलीवर. आजीच्या वहीत उधारीचे आकडे होते, पण संपकऱ्यांच्या यादीत तिचं नाव कुठेच नव्हतं.

बायका कुठे गेल्या?

आजीची आई मात्र गिरणीत होती, वाइंडिंग खात्यात. त्या काळी, १९२०-३० च्या सुमाराला, मुंबईच्या गिरण्यांत जवळपास पाच कामगारांत एक बाई होती. वाइंडिंग आणि रीळिंग ही बायकांची खाती. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बायका १९२८-२९ च्या संपांत गेटवर उभ्या होत्या. मग १९८२ पर्यंत बायका बोटांवर मोजण्याइतक्या कशा उरल्या?

एक कारण कायद्यातच आहे. १९२९ साली मुंबई इलाख्यात देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा झाला. आदल्या वर्षी कायदेमंडळात त्याला पाठिंबा देताना आंबेडकरांनी म्हटलं होतं की हा भार मुख्यतः सरकारनं उचलावा. कायद्यानं तो टाकला एकट्या मालकावर. मग मालकांनी सोपा हिशेब केला: बायकाच नकोत. पुढे ‘रॅशनलायझेशन’ आलं, नवी यंत्रं आली, आणि पाळ्या वाढल्या तशी रात्रपाळीची बंदीही बायकांच्या आड आली. वाइंडिंगमधून बायका कमी झाल्या. आणि युनियननं काय केलं? कुटुंबाचा पोशिंदा पुरुष हे युनियनही मानत होती. त्याची नोकरी वाचवण्यासाठी बाईची गेली तर चालेल, असं कोणी जाहीर बोललं नाही, पण तशा तडजोडी झाल्या.

मी हे मुद्दाम सांगते आहे. युनियनच्या हक्काचं रक्षण करायचं म्हणजे आहे तशा युनियनला डोळे मिटून हार घालायचा, असा त्याचा अर्थ आपण घेऊ नये. सभा संध्याकाळी सातला ठेवायची आणि मग म्हणायचं, बायका येत नाहीत. कमिटीवर एक बाई, आणि तिच्याकडे काम चहाचं. हेही आपण बोललं पाहिजे. पण ते आत जाऊन बोलायचं आहे. बाहेर राहून फक्त नावं ठेवली, तर मालकाचं काम आपण फुकटात करू.

नवी संहिता काय म्हणते

आता आजच्या कायद्याकडे येऊ. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेनं औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली, तीही राज्यसभेत विरोधकांचा बहिष्कार असताना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हे तिन्ही तिच्यात घेतले गेले.

आधी चांगलं सांगते. मालकानं वाटाघाटीसाठी कोणाला तरी मान्यता दिलीच पाहिजे, हे तत्त्व देशभरासाठी प्रथमच अमलात आलं आहे. एकाहून जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटी करेल. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांचे प्रतिनिधी मिळून वाटाघाटी मंडळ होईल. आणि वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी. कामगारांत बायकांचं जेवढं प्रमाण असेल, निदान तेवढ्या बायका त्या समितीवर हव्यात. हे कलम वहीत लिहून घ्या, ते आपल्या उपयोगाचं आहे.

आता अडचण कुठे आहे ते माझ्या बावीस जणींवरूनच पाहू.

पहिली गोष्ट ‘हजेरीपटावरचे’ या शब्दाची. त्या बायका रुग्णालयाच्या मस्टरवर नाहीतच. असल्याच तर ठेकेदाराच्या मस्टरवर. त्यांतल्या शंभर टक्के सभासद झाल्या तरी वाटाघाटी होणार ठेकेदाराशी, आणि त्याचा ठेका दोन वर्षांत संपणार. वॉर्ड ठरवणारा, ठेक्याचा दर ठरवणारा खरा मालक टेबलाशी येतच नाही. महाराष्ट्रानं १९७१ साली अनुचित कामगार प्रथांचा कायदा केला होता. वर्षानुवर्षं माणसाला तात्पुरतं ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणं ही त्यात अनुचित प्रथा होती. चांगला कायदा. पण २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आपण मुख्य मालकाचेच कामगार आहोत हे आधी दुसरीकडे सिद्ध करा, मग या कायद्याखाली तक्रार घेऊन या. ठेक्यावरच्या बायकांना हे दार तिथेच बंद झालं. मुंबई महापालिकेच्या ठेक्यावरच्या २,७०० सफाई कामगारांच्या बाजूनं २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. पण त्यामागे कचरा वाहतूक श्रमिक संघ या त्यांच्या युनियनची वर्षानुवर्षांची लढाई होती. एकेकटीनं दिलेला अर्ज इतकी वर्षं कोर्टात तग धरत नाही.

दुसरी गोष्ट संपाची. पूर्वी आगाऊ नोटिशीची सक्ती सार्वजनिक सेवांपुरती होती. आता ती प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला आहे. नोटीस दिल्यावर चौदा दिवस थांबा. त्या काळात समेट अधिकाऱ्यानं बैठक बोलावली की समेट सुरू झाला, आणि समेट चालू असताना संप बेकायदा. १९३८ च्या विधेयकाशी ताडून बघा. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच. बेकायदा संपाला जुन्या कायद्यात एक महिन्यापर्यंत कैद किंवा पन्नास रुपयांपर्यंत दंड होता. आता दंड एक हजार ते दहा हजार रुपये, आणि कैद तशीच. रुग्णालयाची फरशी पुसणाऱ्या बाईला दहा हजार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट आकड्यांची. कामगार कपातीला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी आधी शंभर कामगारांपासून लागे, आता तीनशेपासून. कामाच्या अटी लेखी ठरवणारे स्थायी आदेशही तीनशेपासून. बायका ज्या गाळ्यांत, पॅकिंगच्या कामात, छोट्या युनिटांत असतात, तिथे तीनशे माणसं असतात कुठे? त्यात मुदतबंद नोकरीची सोय आहे. मुदत संपली की काढावं लागत नाही, फक्त पुन्हा घ्यायचं नाही. अशा बाईनं युनियनच्या अर्जावर सही करायची म्हणजे पुढच्या मुदतीवर पाणी सोडायचं.

कायद्याच्या दाराबाहेर

हे झालं दाराच्या आतल्या बायकांचं. संहितेत ‘उद्योग’ कशाला म्हणायचं ते सांगताना काही कामं सरळ वगळली आहेत. एक, घरगुती सेवा. दुसरं, मुख्यतः धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्था चालवतात त्या आस्थापना. १९७८ साली बेंगळुरूच्या पाणीपुरवठा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं उद्योगाची व्याख्या मोठी केली होती. रुग्णालयं, शाळा, सेवाभावी संस्था तिच्यात येत होत्या. आता ट्रस्टचं रुग्णालय उभं राहून म्हणू शकतं, आम्ही सेवा करतो, आमचा उद्योग नाही. बिल भरायला रांगेत उभी राहिलेली कोणीही बाई त्यावर हसेल, पण कोर्टात ते हसण्यावारी नेता येणार नाही. आणि मैत्रिणींनो, या व्याख्येत आपणही आहोत. संस्थांमधल्या समुपदेशक, फील्डवर्कर, आपल्या ऑफिसात झाडू मारणाऱ्या मावशी, सगळ्याच.

घरकामगार बायकांसाठी महाराष्ट्रानं २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी आहे, काही लाभ आहेत. पण पगाराचा दर वाटाघाटीनं ठरवण्याची जागा त्यात नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली आणि पगारवाढ, सुटी या गोष्टी मालकिणींकडून मिळवल्या गेल्या, तेव्हा कुठला कायदा त्यांच्या पाठीशी होता? कोणताच नाही. कायद्याशिवाय सामुदायिक वाटाघाटी होऊ शकतात हे त्या बायकांनी दाखवलं. पण प्रत्येक पिढीनं ते पुन्हा शून्यातून का करावं?

अंगणवाडी सेविकांचं तर आणखी विचित्र. योजना १९७५ सालची. पगार नाही, मानधन. सरकारी कर्मचारी नाहीत, मानसेवी. पण मार्च २०१८ मध्ये त्यांनी संप करू नये म्हणून राज्य सरकारनं त्यांना ‘मेस्मा’ लावला, म्हणजे अत्यावश्यक सेवेचा कायदा. पगाराच्या वेळी स्वयंसेविका आणि संपाच्या वेळी अत्यावश्यक सेवा! विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारला तो निर्णय स्थगित करावा लागला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. तरी डिसेंबर २०२३ मध्ये मानधनवाढीसाठी त्यांना पुन्हा संपावर जावं लागलं, आणि तो जानेवारीपर्यंत लांबला. त्या रस्त्यावर टिकल्या, कारण त्यांच्या युनियन आहेत.

मग मागायचं काय?

मागण्या आपण दुपारच्या गटचर्चेत पक्क्या करू. मी माझ्या बाजूनं पाच ठेवते.

एक. मान्यता ठरवायची ती गुप्त मतदानानं, आणि मत प्रत्येकीला. ठेक्यावरची, मुदतबंद, बदली, जी त्या आवारात काम करते ती. मुंबईत ही मागणी गिरणी संपाच्याही आधीपासूनची आहे, आता ती बायकांच्या तोंडून यावी.

दोन. जो पैसा आणि काम ठरवतो त्या मुख्य मालकाला वाटाघाटीला बसणं बंधनकारक करा. ठेकेदार बदलला तरी झालेला करार चालू राहावा.

तीन. पहिल्या सहीला संरक्षण द्या. युनियनचा अर्ज किंवा मागणीपत्रक दिल्यानंतर काही ठरावीक महिन्यांत त्यातल्या कोणाला कामावरून कमी केलं, तर ते सूडानं केलं असं कायद्यानं धरून चालावं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. आज ती कामावरून गेलेल्या बाईवर आहे, आणि तिच्याकडे तर कामावर होती याचाही कागद नसतो.

चार. घरकामगारांना आणि मानधनावरच्या बायकांना कामगार म्हणा. एक मालक नाही, म्हणून वाटाघाटी शक्य नाहीत, हे आम्हाला मुंबईत सांगू नका. इथल्या हमाल-माथाड्यांनाही एक मालक नव्हता. १९६९ साली त्यांच्यासाठी कायदा झाला. मंडळावर कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी बसले. मजुरी मंडळामार्फत, आणि तिच्यावर मालकाकडून लेव्ही. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे या छोट्या देशात २००८ साली घरकामगारांचा देशपातळीवर पहिला करार झाला. मालकांच्या बाजूनं सही करायला कोण बसलं माहीत आहे? तिथल्या गृहिणींची संघटना. इथे बसलेल्यांपैकी अनेकजणींकडे कामाला बाई येते. उद्या असं टेबल मांडलं गेलं तर आपल्यातल्या काहीजणी त्याच्या पलीकडच्या बाजूला असतील. त्याची तयारी आपण मनात आत्तापासून करावी.

पाच, ही मागणी सरकारकडे नाही, युनियनांकडे आणि आपल्याकडे आहे. कमिटीत बायका प्रमाणात हव्यात, सभा बायकांच्या वेळेला हवी, लैंगिक छळ आणि पाळणाघर हे विषय मागणीपत्रकाच्या शेपटाला नकोत. आणि आपल्या संस्थांनी बायकांकडून एकेकटीच्या नावानं अर्ज लिहून घेण्याआधी एक प्रश्न विचारावा: हिच्याबरोबर आणखी किती जणी आहेत, आणि त्यांची युनियन होऊ शकते का?

त्या तिघींचं काय झालं, हे विचारायला तुम्ही थांबला असाल. उरलेल्या एकोणीसपैकी चौदा जणी दीड वर्षानंतर एका जुन्या युनियनच्या सभासद झाल्या. या वेळी मागणीपत्रक युनियनच्या कागदावर गेलं, कोणाचंही नाव त्यावर नव्हतं. पगाराची चिठ्ठी मिळाली, साप्ताहिक सुटी मिळाली. कायम करण्याचं भांडण चालू आहे. काढलेल्या तिघींपैकी एक नव्या ठेकेदारानं परत घेतली, एक गावी गेली.

आणि जिची सही सगळ्यांत वर होती, ती आता याच गिरगावात, जुन्या चाळी पाडून झालेल्या एका टॉवरमध्ये पाच घरांत धुणंभांडी करते. म्हणजे पूर्वी ती निदान वादापुरती उद्योगात होती, आता कायद्याच्या व्याख्येतूनच बाहेर गेली. मागच्या महिन्यात ती मला चर्नी रोड स्टेशनबाहेर भेटली. म्हणाली, “आमच्या बिल्डिंगीत आम्ही अकरा जणी आहोत. दिवाळीआधी सगळ्यांचा एकच दर सांगायचा म्हणतोय. तुमच्या कायद्यात बसतं का ते?”

मी म्हटलं, अजून बसत नाही. ती म्हणाली, “मग बसवा. आम्ही तोवर बोलून घेतो. पण ताई, या वेळी कागद करू नका. आम्ही अकराजणी एकदमच जिन्यात उभ्या राहणार.”

तिनं आपलं काम वाटून दिलं आहे. दुपारच्या गटचर्चेत प्रत्येक गटानं एवढं करावं: आपापल्या वस्तीत अशा अकरा, बावीस, चौदा जणी कुठे कुठे आहेत, त्यांचा खरा मालक कोण, आणि त्यांच्या वतीनं आज कोण बोलतं, हे लिहून काढावं. कायद्यात काय बदल हवेत ते त्या कागदावरूनच ठरेल.